कोऱ्या फारमावरची सही

आजच्या सभेचं अध्यक्षपद ज्यांनी मोठ्या मनानं स्वीकारलं ते आपल्या तालुक्याचे जुने वकील दत्तराव साहेब. शाळांची तपासणी करणारे आणि आज मात्र पाहुणे म्हणून परभणीहून गाडीनं, मानवत स्टेशनापासून छकड्यानं, एवढ्या उन्हातून आलेले मोहतमिम साहेब. व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी. माझ्याबरोबर शिकवणारे सहकारी मुदर्रिस. सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेले आजी-माजी विद्यार्थी. उजव्या हाताला बसलेल्या माझ्या माय-बहिणी. आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत ते या मिडल शाळेचे प्रमुख, सदर मुदर्रिस, आदरणीय व्यंकटराव गुरुजी. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माझ्या आधी चार वक्ते बोलले. गुरुजी वेळेचे किती पक्के, हे सांगून झालं. शाळेपुढचे लिंब त्यांनी स्वतः पाणी घालून वाढवले, तेही सांगून झालं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे, असं एकानं म्हटलं तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. यातलं काहीच खोटं नाही. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'गुरुजींचे उपकार' असा विषय छापला आहे. मला दहा मिनिटं दिली आहेत. दहा मिनिटांत सगळे उपकार कसे सांगून होणार? म्हणून मी एकच सांगणार आहे. तो त्या अक्षराबद्दलचाच आहे.

माझं नाव भुजंग. आपल्याकडे म्हणतात, नाग बारा वर्षं डूख धरतो. माझी चौदा झाली. वडिलांनी नाव ठेवताना काय विचार केला होता कोण जाणे.

चौदा वर्षांपूर्वीची, फसली सन तेराशे बेचाळीसची गोष्ट. मी या शाळेत मिडलच्या शेवटच्या जमातीत, म्हणजे वर्गात, होतो. परीक्षेचा निकाल लागला. मी दुसरा आलो. गुरुजींचे थोरले चिरंजीव बन्सीधर तिसरे आले. आणि पहिला आला येडबा. जुन्या लोकांना येडबा आठवत असेल. गावाच्या उगवतीला धनगरांची वस्ती आहे, तिथल्या अंबाबाईंचा मुलगा. सुट्टीच्या दिवशी मेंढरांमागे जायचा, आणि जाताना अलजब्राचं पुस्तक कमरेला खोचून न्यायचा. गणितात आम्हाला जे फळ्यावर करूनही जमायचं नाही, ते तो तोंडी सांगायचा. गुरुजी स्वतः कधीकधी एखादं उदाहरण सोडवताना थांबायचे आणि त्याच्याकडे बघायचे. मला आठवतं. गुरुजींनाही आठवत असेल.

आता तरुण मुलांसाठी सांगतो. मिडलनंतर परभणीच्या हायस्कुलात जायचं, तर एक उर्दू फारम भरावा लागतो. पुढे कोणते विषय घेणार, ते त्या फारमात लिहायचं. गणित आणि सायन्स घेतलं तर पुढे डाक्टरी, ओव्हरसिअरी, इंजिनियरी. फारसी आणि तवारीख, म्हणजे इतिहास, घेतली तर तो रस्ता तिथंच बंद. एकदा लिहिलं की बदलत नाही. गणित-सायन्सच्या जागा मोजक्या असतात. त्या साली आपल्या शाळेच्या वाट्याला दोन आल्या होत्या. त्याच फारमात आणखी एक रकाना असतो, बोर्डिंगात राहण्याची गरज आहे की नाही. धनगराच्या पोराला परभणीत कोण घर देणार? बोर्डिंग मिळालं तर शाळा, नाही मिळालं तर मेंढरं.

गुरुजींनी आम्हा तिघांना बोलावलं आणि तीन कोरे फारम समोर ठेवले. म्हणाले, तुम्ही नुसती सही करा, बाकी मी भरतो, तुमच्या हातून खाडाखोड होईल. आम्ही सह्या केल्या. गुरूनं मागितली तर सहीच काय, मान द्यावी, असंच आम्हाला शिकवलं होतं. कोणी शिकवलं होतं, ते सांगायला नको.

अमरदाद महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही परभणीला गेलो. मी, येडबा आणि अंबाबाई. अंबाबाईंनी पोराच्या बोर्डिंगसाठी नवं घोंगडं विणून घेतलं होतं, ते त्यांच्या खांद्यावर होतं. कारकुनानं यादी काढली. माझं नाव गणित-सायन्समध्ये. बन्सीधरचं नाव गणित-सायन्समध्ये. येडबाचं नाव फारसी-तवारीखमध्ये, आणि बोर्डिंगच्या रकान्यात लिहिलं होतं, 'जरूरत नहीं'. मी म्हणालो, काहीतरी चूक झाली. कारकून भला माणूस होता. त्यानं मूळ फारम काढून आमच्यासमोर धरला. खाली येडबाची वेडीवाकडी सही. वर सगळं मोत्यासारख्या अक्षरात.

तो कारकून म्हणाला, शनिवारपर्यंत मुदत आहे. तुमच्या सदर मुदर्रिसांची दोन ओळींची चिठ्ठी आणा, मी दुरुस्त करतो.

दोन ओळी. मित्रहो, एवढंच हवं होतं.

आम्ही त्याच दिवशी मागं फिरलो. स्टेशनापासून चालत गुरुजींच्या घरी आलो. गुरुजी ओसरीवर बसले होते. अंबाबाई पायरीखाली उभ्या राहिल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "गुरुजी, पोरगं पयलं आलं न्हवं?"

गुरुजी म्हणाले, "पहिला आला हे खरं. पण लिहिलंय ते विचार करूनच लिहिलंय. मेंढरं राखायला अलजब्रा लागत नाही, बाई."

आवाज चढवला नाही. गुरुजींनी आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, हे मघाशी एका वक्त्यानं सांगितलंच.

आणि मी? मी तिथं उभा होतो. माझा फारमही कोराच गेला होता, पण तो बरोबर भरला गेला होता. मी एक शब्द बोललो असतो तर शनिवारच्या आत माझ्या नावाचंही काही होऊ शकलं असतं. मला चौदावं लागलं होतं, तरी एवढा हिशोब मला कळत होता. मी गप्प बसलो. गुरुजी, तुमच्यावरच्या रागाचा निम्मा वाटा माझ्या स्वतःवरच्या रागाचा आहे. पण माझा हिस्सा मी फेडत आलो. तुमच्याबद्दल बोलायचं राहिलं होतं.

शनिवार गेला. येडबानं दोन वर्षं मेंढरं राखली. मग पिंगळी स्टेशनावर रुळांच्या गँगमध्ये लागला, आजही तिथंच आहे. तीन वर्षांपूर्वी पिंगळीच्या पुढच्या वळणावर रूळ नीट बसत नव्हते. रेल्वेचे साहेब कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. येडबा उभ्या उभ्या म्हणाला, साहेब, इथं एवढं सरकवा. साहेबांनी हिशोब पुरा केला तेव्हा आकडा तोच आला. साहेबांनी विचारलं, तू कुठं शिकलास? येडबा म्हणाला, न्हाई शिकलो.

बन्सीधर हायस्कुलात दोनदा नापास झाले आणि मानवतला कापसाच्या आडतीत रमले. त्यांच्याविषयी माझ्या मनात काही नाही. ती जागा त्यांनी कधी मागितलीच नव्हती. एका बाकावर बसायचो आम्ही. एकदा ते मला म्हणाले, भुजंगा, इथं तो असायला हवा होता रे. बापापेक्षा लेकाला आधी कळलं.

मी मॅट्रिक झालो. हैद्राबादेत नोकरी मिळत होती. मी अर्ज करून, हट्टानं, याच शाळेत मुदर्रिस म्हणून आलो. लोकांना वाटलं, गावाची ओढ. गुरुजींनी तर माझं स्वागत करताना डोळ्यांत पाणी आणलं. मघाशी माझी ओळख करून देताना ज्या 'सेवे'चा उल्लेख झाला, ती तेव्हापासून सुरू झाली. दर साली मिडलची परीक्षा संपली की मी पोरांना वऱ्हांड्यात बसवतो. कोणता विषय घेतला तर कुठला दरवाजा उघडतो, कोणता बंद होतो, ते सांगतो. मुल्की, म्हणजे रहिवासाचा, दाखला कुठून काढायचा, जन्मतारीख फसलीत कशी मांडायची, बोर्डिंगच्या रकान्यात काय लिहायचं, हे पाटीवर दहादा घोटून घेतो. मग प्रत्येकानं आपला फारम आपल्या हातानं भरायचा. माझा हात लागत नाही. खाडाखोड झाली तर नवा फारम आणतो. शेवटी मी एकच प्रश्न विचारतो, कोऱ्या कागदावर सही मागितली तर? समोर बसलेली पोरं उत्तर जाणतात. गुरुजी, तुम्ही आतल्या खोलीत बसून ते उत्तर दहा वर्षं ऐकलंत.

लोक म्हणाले, भुजंगराव गरिबांच्या पोरांसाठी किती झिजतात. साहेब, आज खरं सांगतो. ती सेवा नव्हती. तो सूड होता. वालूरच्या चतुराबाईंचा मुलगा आज हैद्राबादेत डाक्टरी शिकतो आहे, तो माझा एक घाव. धनगरवस्तीतली दोन पोरं ओव्हरसिअर झाली, ते दोन. दर साली यादी तयार झाली की मी ती सहीसाठी गुरुजींपुढे ठेवायचो, आणि धनगरवस्तीतलं नाव सर्वांत वर लिहायचो. एकेचाळीस पोरं हायस्कुलात गेली. पोरांचं भलं झालं, हे खरं. पण मी ते भलं कोणाच्या डोळ्यांदेखत करत होतो, हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

आता मुख्य गोष्ट.

तेराशे त्रेपन्नच्या साली गुरुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पुढे हैद्राबादेत तो काढला, आज चष्म्यानं स्वच्छ दिसतं, आनंदाची गोष्ट आहे. पण तेव्हा लिहिणं-वाचणं बंद होतं. त्याच साली त्यांचे धाकटे चिरंजीव माणिकराव मिडल पास झाले. हुशार मुलगा. गणिताची आवड. आणि ऐन फारमाच्या वेळी त्याला मुदतीचा ताप आला. अंथरुणातून उठवेना. कसाबसा हात धरून त्याच्याकडून सही घेतली.

गुरुजी स्वतः माझ्या घरी आले. चाचपडत आले. कोरा फारम माझ्या हातात दिला. म्हणाले, "भुजंगराव, सही झाली आहे. बाकी तुम्ही भरा. तुमच्यावर माझा विश्वास आहे."

मी म्हणालो, ठेवून जा.

तो फारम खिशात घालून मी परभणीच्या गाडीत बसलो. त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते लपवत नाही. 'फारसी, तवारीख, बोर्डिंगची जरूरत नहीं'. हे शब्द मी अकरा वर्षं जिभेवर धरले होते. दौत-टाक सोबत होती. परभणी आली तरी मी उतरलो नाही, पुढे पिंगळीला उतरलो. येडबा रुळावर काम करत होता. त्याला बाजूला घेतलं आणि फारम दाखवला. सही कोणाची ते सांगितलं.

येडबानं फारम हातात घेतला नाही. हात तेलकट होते. वाकून सही वाचली. मग म्हणाला, "पोराचं बरोबर भर. त्यानं आपलं काय केलंय? पर बापाला काय भरलं ते सांगू नको. यादी लागंस्तवर सांगू नको."

मला तेव्हा कळलं की गणितात तो माझ्यापुढे का होता.

मी तिथंच, स्टेशनच्या बाकावर बसून फारम भरला. गणित. सायन्स. परभणीत नेऊन दिला. परत आलो तर गुरुजी वाटच बघत होते. त्यांनी विचारलं, भरला? मी म्हणालो, भरला. विचारलं, काय भरलंत? मी म्हणालो, "कोरा फारम कसा भरायचा ते तुमच्यापाशीच शिकलो आहे, गुरुजी. यादी लागली की कळेल."

गुरुजींचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. त्यांना मी दिसत नव्हतो, मला ते दिसत होते.

यादी लागायला पंधरा दिवस होते. पहिले दोन दिवस ते शाळेत येऊन गेले. तिसऱ्या दिवशी मला खोलीत बोलावून म्हणाले, मुलगा आजारी आहे, त्याला तरी सांगा. मी म्हणालो, मुलगा बरा होईल, काळजी नसावी. पाचव्या दिवशी परभणीला माणूस पाठवला. कारकुनानं सांगितलं, यादीपूर्वी फारम दाखवता येत नाही, कायदा आहे. सातव्या दिवसापासून गुरुजींनी जेवण टाकलं, असं त्यांच्या घरून कळलं. त्यांच्या पत्नी कमलबाई यांना मी आजही मान देतो. त्या माझ्याकडे आल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याला विचारलं, अकरा वर्षांपूर्वी काय झालं होतं? आणि त्यांना उत्तर मिळालं असावं, कारण त्यानंतर त्या घरात बोलणं कमी झालं.

नवव्या दिवशी गुरुजी काठी टेकत धनगरवस्तीवर गेले. अंबाबाई लोकर पिंजत होत्या. गुरुजी म्हणाले, बाई, भुजंगरावाला सांगा, तो तुमचं ऐकेल, माझ्या पोराचं वाटोळं करू नको म्हणावं. चुकलो, असं म्हणाले का, हे मी अंबाबाईंना पुन्हा पुन्हा विचारलं. नाही म्हणाले. माझ्या पोराचं वाटोळं करू नको, एवढंच म्हणाले.

अंबाबाईंनी त्यांना बसायला दिलं, पाणी दिलं. आणि म्हणाल्या, "गुरुजी, फारम काय असतंय ते मला तवाबी कळलं न्हाई, आताबी कळत न्हाई. पोरगं मातर कळत हुतं. तुमाला आज कळायलंय, बरं झालं."

मला सांगायला मात्र त्या आल्या नाहीत. कशाला येतील?

पंधराव्या दिवशी यादी लागली. माणिकरावांचं नाव गणित-सायन्समध्ये होतं. ही बातमी मी स्वतः गुरुजींना जाऊन सांगितली.   त्या दिवसापासून आजपर्यंत आमच्यात या विषयावर अवाक्षर झालेलं नाही.

मग आज हे सगळं उकरून काढायची गरज काय, असं अध्यक्ष साहेबांच्या चेहऱ्यावर मला दिसतं आहे. साहेब, दोन मिनिटं. उद्यापासून या शाळेचा कारभार माझ्याकडे येतो आहे. परवा गुरुजींनी मला रजिस्टरं ताब्यात दिली. त्यात बेचाळीस सालचं दाखल-खारिज निघालं. मुलानं शाळा का सोडली, याचा एक रकाना त्यात असतो. येडबाच्या नावापुढे मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं आहे, 'तालीम का शौक नहीं'.

शिक्षणाची आवड नाही.

मी रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. दार लावून घेतलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, गुरुजी, अजून दोन दिवस तुमच्या सहीला किंमत आहे, ही नोंद खोटी आहे एवढं खाली लिहा, मी समारंभात चांगलं बोलेन. खरंच चांगलं बोललो असतो. भाषण लिहूनही ठेवलं होतं. गुरुजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, जुन्या नोंदीत फेरफार करणं कायद्यात बसत नाही.

बंद खोलीत एक ओळ लिहायची की भरल्या सभेत सगळं ऐकायचं, हे त्यांनी परवा स्वतः निवडलं. मी फक्त विचारलं होतं.

आता मोहतमिम साहेबांच्या कानावर घालून ठेवतो. जुनी नोंद मी खोडणार नाही. उद्या सकाळी, माझ्या सहीनं, लाल शाईत, तिच्याखाली लिहिणार आहे की हा मुलगा वर्गात अव्वल होता, त्याची सही कोऱ्या फारमावर घेतली होती, आणि वरची नोंद खोटी आहे. कायद्यात बसत नसेल तर माझ्यावर कारवाई व्हावी. साक्षीदार म्हणून हे सगळे बसले आहेत.

येडबा आज आलेला नाही. मी पिंगळीला जाऊन बोलावलं होतं. तो म्हणाला, "तू बोल. मी आलो तर लोक माझ्याकडं बघतील. मग त्येंच्याकडं कोण बघंल?" मित्रहो, त्याचं म्हणणं मी तुमच्यापर्यंत पोचवलं. बघा.

माझी दहा मिनिटं कधीच संपली. अध्यक्ष साहेबांनी घंटी वाजवली नाही, याबद्दल त्यांचा आभारी आहे. मोहतमिम साहेब उन्हातून आले, संयोजकांनी मांडव घातला, मुलांनी पाणी भरलं, माय-बहिणी कामं टाकून आल्या, सर्वांचे आभार. बोलताना काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घालावं, अशी वक्त्यानं विनंती करायची पद्धत आहे. मी ती एकाच माणसाला करतो. माणिकराव, तुम्ही तिसऱ्या ओळीत बसला आहात. हे सगळं तुम्ही आज पहिल्यांदा ऐकलंत. पंधरा दिवस मी तुमचं नाव हत्यारासारखं वापरलं. तुम्ही तापात पडला होता, तुम्हाला ते विचारलं नव्हतं. त्याबद्दल मला माफ करा. बाकी जे बोललो ते मुद्दाम बोललो. त्याची माफी मी मागत नाही.

संयोजकांनी एक काम माझ्यावर सोपवलं आहे. गुरुजींना हार घालण्यासाठी गावातर्फे एक नाव पुकारायचं. गावातली मोठी मंडळी मला क्षमा करतील. मी कालच विचारून ठेवलं होतं, आणि त्या 'घालते की' म्हणाल्या.

अंबाबाई, वर या. मंडळी, त्यांना वाट द्या.

गुरुजी, उभे राहा. अंबाबाईंचा हात तुमच्या खांद्याच्या वर पोचत नाही. मान तुम्हालाच वाकवावी लागेल.